पंच्याण्णव टक्क्यांचा वार हुकतो तेव्हा

“मामा, हा गेम चीटिंग करून राहिला आहे!”

मे महिन्यातली दुपार. नागपुरात प्रतापनगरला बहिणीचं घर, खिडकीत कूलर घरघरतोय, बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला. भाच्याचा योद्धा राक्षसाच्या अगदी नाकासमोर उभा होता. वार लागण्याची शक्यता पडद्यावर लिहिलेली: ९५ टक्के. त्याने बटण दाबलं, तलवार फिरली आणि वार फुकट गेला. त्याने आधीचा सेव्ह, म्हणजे वाराआधी साठवून ठेवलेला खेळ, उघडून तोच वार पुन्हा केला, पुन्हा हुकला. तिसऱ्यांदाही तेच. त्याच्या दृष्टीने गुन्हा सिद्ध झाला होता.

या खेळांच्या लढाईचं मूळ टेबलावरच्या फाशात आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर खेळायचा खेळ आला आणि त्याच्याबरोबर वीस बाजूंचा फासा घरोघरी पोचला. आजच्या नियमांत दान टाकायचं, त्यात योद्ध्याचं कौशल्य मिळवायचं, आणि बेरीज शत्रूच्या चिलखताच्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की वार लागला. प्रत्येक बाजूला बरोबर ५ टक्के. ९५ टक्के म्हणजे १ सोडून काहीही चालेल. आपल्या सारीपाटाला हे नवं नाही. त्याच्या लांबट फाशांवर १, २, ५, ६ अशा चारच बाजू. तीन फाशांची ६४ दानं होतात आणि ६-६-१ हा पौबारा त्यांतल्या तिनांत येतो. म्हणजे सुमारे ४.७ टक्के. वीस बाजूंच्या फाशावर एखादा ठरावीक आकडा पडणं आणि आजीच्या पटावर पौबारा पडणं, दोन्ही जवळपास सारखंच दुर्मीळ.

आणि सारीपाट खेळलेल्या कुणालाही विचारा, पौबारा पडतोच. ९५ टक्क्यांचे वीस वार केले तर त्यांतला निदान एक हुकण्याची शक्यता ६४ टक्के आहे. लागोपाठ दोन हुकणं चारशेत एकदा. ऐकायला अशक्यप्राय वाटतं, पण मोठ्या खेळात असे हजार वार सहज होतात, म्हणजे अशी जोडी सरासरी दोन-तीनदा येणार. लक्षात मात्र तीच राहते.

मग सेव्ह उघडूनही तेच दान का पडलं? संगणक फासा टाकत नाही, गणित करतो. कागदावर करून पाहण्याजोगा एक छोटा नमुना देतो: आकड्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागा आणि बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. ७ पासून निघालात तर पुढे ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि परत ७. कसे अस्ताव्यस्त वाटतात! पण सुरुवातीचा आकडा, ज्याला बीज म्हणतात, तो कळला की पुढची सगळी दानं ठरलेली. काही खेळ हे बीज सेव्हमध्येच साठवतात, म्हणजे हवं ते दान पडेपर्यंत कुणी सेव्ह उघडत बसू नये. माझ्या भाच्याचा ‘पुरावा’ हाच होता. त्याच वाटेने गेलं की त्याच ठिकाणी पोचणार.

त्या रांगेकडे अजून एकदा बघा: विषम, सम, विषम, सम. सम-विषमवर वार ठरवला असता तर एक लागला, एक हुकला, असा ठेकाच धरला असता. म्हणून बाकी किती चांगली विस्कटते हा गंभीर अभ्यासाचा विषय आहे. माकोतो मात्सुमोतो आणि ताकुजी निशिमुरा यांनी १९९७ साली मांडलेल्या ‘मर्सेन ट्विस्टर’ या आकडे काढण्याच्या पद्धतीची रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायला जितकी दानं लागतात, ती संख्या लिहायलाच सहा हजारांवर अंक लागतात.

म्हणजे फासा बहुतेक वेळा सरळ असतो. वाकडी असते ती आपली अपेक्षा. त्याच दुपारी मी भाच्याला म्हटलं, शंभर वेळा नाणं उडवल्याची यादी मनानेच लिही, छापा की काटा. मग खरं नाणं उडवायला लावलं. मनाच्या यादीत एकच बाजू सलग तीनपेक्षा जास्त वेळा कुठेच नव्हती. खऱ्या नाण्याने सलग सात काटे दाखवले. शंभर फेकींत एकच बाजू सलग सहा किंवा अधिक वेळा येण्याची शक्यता सुमारे ८० टक्के आहे. आपलं मन मात्र तिथे लबाडी शोधतं. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ साली दाखवलं की सांख्यिकी कोळून प्यालेले संशोधकसुद्धा मूठभर नमुन्याकडून मोठ्या ढिगाच्या समतोलाची अपेक्षा करतात.

खेळ बनवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते फासाच वाकवतात. ‘फायर एम्ब्लेम’ या जपानी मालिकेच्या २००२ च्या भागापासून पुढच्या अनेक भागांत एकाऐवजी दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतली जाते. पडद्यावर ९० टक्के दिसतं तेव्हा वार खरं तर ९८.१ टक्के वेळा लागतो, आणि १० टक्के दिसतं तेव्हा जेमतेम २.१ टक्के वेळा. ‘वॉरक्राफ्ट ३’ मध्ये २५ टक्क्यांचा विशेष प्रहार पहिल्या वारावर साधारण साडेआठ टक्क्यांपासून सुरू होतो आणि हुकेल तसा वाढत जातो. ‘बाल्डर्स गेट ३’ मध्ये तर या सोयीचं नावच ‘कार्मिक डाइस’ आहे. सलग अपयशाची साखळी ती तोडते, आणि खेळ घेतल्यावर ती चालूच असते.

मला हे पटत नाही. खेळणाऱ्याचं मन राखायला ते केलं जातं हे कळतं, पण संभाव्यता अंगात मुरवायला इतकी चांगली जागा मुलांना दुसरी कुठे मिळणार? पडद्यावर ९० लिहून ९८ द्यायचे, म्हणजे त्यांच्या चुकीच्या अंदाजालाच खतपाणी घालायचं.

फाशाचं ज्ञान आणि मोजणी यांचं नातं तर आपल्याच वाटेवरचं आहे. महाभारतातल्या नलोपाख्यानात राजा ऋतुपर्ण विदर्भाकडे निघालेला असताना वाटेत बेहड्याचं झाड लागतं. तो रथातूनच दोन फांद्यांचा अंदाज सांगतो: २०९५ फळं. सारथी झालेला, द्यूतात सर्वस्व हरलेला नळ झाड पाडून मोजतो, संख्या जुळते. मग अश्वविद्येच्या बदल्यात तो राजाकडून फाशांचं मर्म शिकून घेतो. वैदिक काळात फासे म्हणून वापरायचे ते याच बेहड्याच्या बिया! थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधणं आणि दान ओळखणं ही एकच विद्या आहे, असं त्या कथाकाराला वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे.

भाच्याला मी झाड पाडायला सांगितलं नाही, वही दिली. ९५ टक्के दिसलं की एक रेघ, हुकलं की फुली. चारशे वारांत सरासरी २० फुल्या याव्यात. १२ ते २८ आल्या तरी खेळ सरळ मानायचा, पस्तीसच्या वर गेल्या तर खुशाल भांडायचं. आणि आठ-दहाच आल्या, तर फासा त्याच्या बाजूने वाकवलाय का, ही शंकाही तितकीच रास्त. काल फोनवर म्हणाला, दोनशे झाले.