वारस नोंद (कोकण)

मयत खातेदाराच्या जागी त्याच्या वारसांची नावे गावच्या महसुली दप्तरात चढवण्याच्या प्रक्रियेला वारस नोंद म्हणतात. कोकणात माणसाला वकिलाकडे नेणाऱ्या कामांत हे काम हमखास असते. जमीन गुंठ्यांच्या तुकड्यांत, उतारा पणजोबांच्या नावचा आणि वाटेकरी डोंबिवली-विरारला, अशी इथली नेहमीची स्थिती.

जुन्या सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या (जमीन धारण करणाऱ्याच्या) रकान्यात एकच नाव असते आणि त्यापुढे ‘ए. कु. मॅ.’ अशी अक्षरे. अर्थ : एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरला गावात राहून शेत बघे, धाकटे मुंबईला गिरणीत. म्हणून थोरल्याचे नाव लागले. तो गेल्यावर त्याचीच मुले वारस म्हणून चढली आणि धाकट्यांची पिढी उताऱ्यावरून दिसेनाशी झाली. एवढ्याने धाकट्यांचा हक्क बुडत नाही. फेरफार, म्हणजे दप्तरातील नावबदलाची नोंद, मालकी देत नाही. सातबारा महसुलासाठी असतो आणि त्यावरील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरतात, इतकेच. पण हे दाखवायला जुने फेरफार काढावे लागतात, आणि मग दिवाणी दावा.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला वर्दी (खबर) द्यायची असते. मृत्यूचा दाखला, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र आणि सर्व वारसांचे पत्ते लागतात. अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरही करता येतो. प्रकरण आधी गाव नमुना 6-क या वारस प्रकरणांच्या नोंदवहीत येते, चौकशीनंतर फेरफार धरला जातो आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. हरकत आली तर ती तक्रार नोंद होते. निकालावर प्रांताधिकाऱ्याकडे अपील. वंशावळीतून सासरी गेलेल्या बहिणी ‘विसरण्याची’ चाल जुनीच आहे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी पहिल्या वर्गाची वारस आहे आणि 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत ती जन्मतः सहहिस्सेदार आहे. तिने हिस्सा सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. कोऱ्या कागदावरची सही कामाची नाही.

न्यायालयाचा वारस दाखला ही वेगळी गोष्ट, आणि लोकांची गल्लत नेमकी इथेच होते. तो 1827 च्या मुंबई विनियम आठनुसार दिवाणी न्यायालय देते. जाहीर नोटीस काढून हरकतींसाठी महिन्याची मुदत ठेवतात. बँकेतील ठेवी, शेअर यांसाठी 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचे उत्तराधिकार प्रमाणपत्र लागते. मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, मुंबई शहरातील मिळकतीसाठी दीर्घकाळ सक्तीचे होते, रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जमिनीसाठी नव्हे. त्यामुळे गावची बाग आणि गिरगावातली खोली एकाच मृत्युपत्रात आली की कागद दोन वाटांनी फिरत.

वर्षानुवर्षे झोपलेले हे प्रकरण जागे होते ते भूसंपादनाच्या नोटिशीने. महामार्गात जमीन गेली की मोबदल्याच्या यादीत मयतांची नावे निघतात, हिस्से ठरत नाहीत आणि रक्कम अडकते. 2025 मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती अशाच नोंदींसाठी.

वकील परवडत नसेल तर 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो, दिवाणी, कौटुंबिक आणि फौजदारी अशा सर्व कामांत. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो; 15100 हा मदत क्रमांक. प्रकरण उच्च न्यायालयात गेले तर 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी व सिंधुदुर्गचे पक्षकार मुंबईऐवजी कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठाकडे) जातात. रायगड मुंबईकडेच राहिले.

सगळे वाटेकरी एका ओटीवर भेटतात ते गणपतीतच. त्यामुळे हक्कसोडपत्राचा मुहूर्तही तेव्हाचाच धरतात. दुय्यम निबंधकाचे कार्यालय मात्र चतुर्थीला बंद असते आणि चाकरमान्याचे परतीचे तिकीट आधीच काढलेले असते.