मुंबईतला औषधांना दाद न देणारा टीबी : पार्श्वभूमी

टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या की जंतूला औषधाची सवय होते, हे वाक्य मुंबईतल्या ओपीडीच्या रांगांत इतकं रुळलंय की डॉक्टरही तेच बोलतात. सवय कुठल्याच जंतूला होत नसते. आयसोनायझिड आणि रिफाम्पिसिन ही टीबीची दोन मुख्य औषधं. आयसोनायझिडला दाद न देणारा साधारण दहा लाखांत एक, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक, असे जंतू पहिली गोळी पोटात जाण्याआधीपासून फुप्फुसात असतात. जनुकाची नक्कल होताना झालेल्या चुकीतून ते आलेले असतात. फुप्फुसात मोठी कॅव्हिटी, म्हणजे टीबीने पाडलेली पोकळी, असलेल्या रुग्णात जंतूंची संख्या शंभर कोटींपर्यंत जाऊ शकते. एकच औषध दिलं की बाकीचे मरतात, हे मूठभर उरतात आणि काही महिन्यांत थुंकीत तेच तेवढे दिसतात. दोन्ही औषधांना एकदम पुरून उरणारा मात्र एकावर चौदा शून्यं इतक्यांत एखादा, म्हणजे व्यवहारात नाहीच. तीन-चार औषधं एकत्र देण्यामागचं गणित ते हेच.

हे गणित किंमत मोजून कळलं. मारणारी गोष्ट समोर येण्याआधीच जंतूत बदल झालेला असतो, असा निष्कर्ष १९४३ मध्ये वेगळ्याच जिवाणूंवर विषाणू सोडून केलेल्या प्रयोगातून निघाला होता. तरी ब्रिटनमधल्या १९४७ च्या चाचणीत टीबीच्या रुग्णांना एकटं स्ट्रेप्टोमायसिन दिलं गेलं. सहा महिन्यांत रुग्ण सुधारले. पाच वर्षांनी पाहिलं तर औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्यांच्या मृत्यूंत फारसा फरक उरला नव्हता. जोडीला दुसरं औषध त्या चाचणीनंतर आलं.

कुठला बदल टिकतो, हेही पाहण्यासारखं आहे. आयसोनायझिड शरीरात जातं तेव्हा निष्क्रिय असतं. जंतूचंच कॅटजी नावाचं एन्झाइम त्याला विषारी बनवतं. हे एन्झाइम पूर्ण मोडलं तर जंतू औषधापासून वाचतो, पण आपल्या पेशींच्या रासायनिक हल्ल्यासमोर उघडा पडतो, कारण तो हल्ला परतवायचं कामही याच एन्झाइमकडे आहे. म्हणून जगभर सर्वाधिक आढळतो तो या एन्झाइमच्या ३१५व्या जागचा एक बारीक बदल : सेरिन या अमिनो आम्लाच्या जागी थ्रिओनिन. औषध सक्रिय होत नाही आणि एन्झाइमचं मूळ काम बऱ्यापैकी चालू राहतं. रिफाम्पिसिनच्या बाबतीत आधी एक बदल होतो, जंतू थोडा अशक्त होतो, मग दुसऱ्या जनुकातला बदल ती कसर भरून काढतो.

आता मुंबई. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धारावीतल्या पाहणीत १०० खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी ८० वेगवेगळे औषधक्रम लिहून दिले होते. २०१० मध्ये अशीच पाहणी छापून आली : १०६ डॉक्टर, ६३ औषधक्रम, बरोबर लिहिणारे डॉक्टर फक्त सहा. सरकारी कार्यक्रमही यातून सुटत नाही. पहिला कोर्स फसलेल्या रुग्णाला त्याच औषधांत एकट्या स्ट्रेप्टोमायसिनची भर घालायची, ही ‘कॅटेगरी टू’ची पद्धत वर्षानुवर्षं चालली. फसलेल्या औषधांत एकच नवं औषध घालणं म्हणजे १९४७ चीच चूक पुन्हा करणं.

डिसेंबर २०११ मध्ये शहरातल्या एका खासगी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चार रुग्णांची नोंद आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाही औषधाला या रुग्णांचे जंतू दाद देत नव्हते. डॉक्टरांनी त्याला ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ म्हटलं. इटली आणि इराणमधून असे रुग्ण आधी नोंदले गेले होते. जानेवारीत बातमी वर्तमानपत्रांत आली, रुग्णांचा आकडा बारावर गेला, केंद्राचं पथक मुंबईत दाखल झालं. केंद्रीय आरोग्य खात्याचं उत्तर असं : हे नाव मान्यताप्राप्त नाही आणि त्या रुग्णालयाच्या लॅबला दुसऱ्या फळीतल्या, म्हणजे नेहमीची औषधं चालेनाशी झाल्यावर द्यायच्या, औषधांच्या तपासणीची मान्यता नाही. मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या जिनिव्हातल्या तज्ज्ञांच्या बैठकीनेही नाव नाकारलं. दुसऱ्या फळीतल्या काही औषधांची प्रयोगशाळेतली चाचणी भरवशाची नसते आणि नवी औषधं येऊ घातली होती, त्यामुळे ‘टोटली’ म्हणता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता.

तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरच होता. पण नावावरच्या वादात त्या छोट्या नोंदीतलं खरं महत्त्वाचं वाक्य बाजूला पडलं. चारपैकी तिघांना दीड वर्षात सरासरी चार डॉक्टरांकडून दुसऱ्या फळीची औषधं मिळाली होती. देखरेखीविना, बऱ्याचदा चुकीच्या डोसमध्ये आणि एकेक करून वाढवत नेलेली. एकेक करून, हे इथे सगळ्यात महत्त्वाचं. दर वेळी जंतूसमोर एकच नवी पायरी ठेवली गेली आणि ती चढू शकणारे थोडे जंतू तिथे आधीच होते. लॅबच्या मान्यतेवर जेवढा खल झाला त्याच्या निम्मा या प्रिस्क्रिप्शनांवर व्हायला हवा होता.

परिणाम मात्र झाले. मे २०१२ मध्ये टीबीची नोंद सक्तीची झाली. पुढे जीन-एक्स्पर्ट यंत्रं आली. रिफाम्पिसिनशी संबंधित जनुकातला बदल ती दोन तासांत शोधतात. आठवड्यातून तीनदा गोळ्या द्यायची पद्धत जाऊन २०१७ मध्ये रोजचा डोस सुरू झाला. तोवर औषधांना दाद न देणारे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे थेट पोचू लागले होते. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींत, जिथे खालच्या मजल्यांवर ऊन-वारा जेमतेम पोचतो, पहिल्यांदाच टीबी झालेल्या मुलाचा टीबी एमडीआर, म्हणजे आयसोनायझिड आणि रिफाम्पिसिन दोन्हींना दाद न देणारा, निघतो तेव्हा त्याने कुठल्याच गोळ्या सोडलेल्या नसतात.

२०२१ मध्ये ‘एक्सडीआर’ची, म्हणजे एमडीआरच्याही पुढच्या टीबीची, व्याख्या बदलली, बेडाक्विलिन किंवा लिनेझोलिड या औषधांना दाद न देणं तिच्यात आलं. २०२४ मध्ये या दोघांसह प्रेटोमॅनिड आणि मॉक्सिफ्लॉक्सॅसिन असा सहा महिन्यांचा, निव्वळ गोळ्यांचा कोर्स भारतात मंजूर झाला. दीड-दोन वर्षं चालणाऱ्या जुन्या उपचारांनी कानाने बहिरे झालेले रुग्ण ज्यांनी पाहिलेत, त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको. पण बेडाक्विलिनचा परिणाम कमी करणारे जनुकीय बदल ते औषध कधीच न घेतलेल्या रुग्णांच्या जंतूंतही सापडले आहेत आणि त्यातला नेहमी आढळणारा बदल क्लोफॅझिमिन या दुसऱ्या औषधाचाही परिणाम कमी करतो. जीन-एक्स्पर्टला तो दिसत नाही. त्यासाठी सहसा कल्चर लावावं लागतं, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून पाहावे लागतात, रिपोर्टला आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात दिलेल्या औषधांपैकी खरोखर किती लागू पडताहेत हे डॉक्टरलाही ठाऊक नसतं.