हार्ड डिस्क फ्रीजरमध्ये ठेवल्याने सुधारत नाही

"बंद पडलेली हार्ड डिस्क रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, चालू होते." हा सल्ला अजून फिरतोच आहे. गेल्या पावसाळ्यात इथे ठाण्यात शेजारच्या काकूंनी ती खरंच मटारच्या पाकिटाशेजारी ठेवली होती. बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत वर पाणी सुटलं.

पूर्वी काही डिस्कमध्ये हेड (डेटा वाचणारं-लिहिणारं टोक) डेटा साठवणाऱ्या तबकडीला चिकटायचं. थंडीने आकसून कधीमधी सुटायचं. सल्ल्याचं मूळ तेवढंच. आता हेड तबकडीपासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. बहुतेक डिस्क हवाबंदही नसतात, झाकणाला बारीक छिद्र असतं (ते बुजवू नका असं तिथेच छापलेलं असतं). आपल्याकडची दमट हवा आत जाऊन थेंब धरला, की फिरत्या तबकडीवर ओरखडा आलाच म्हणून समजा.

कॉम्प्युटरवर डिस्क दिसत नसेल तर आधी साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) बदलून बघा. कित्येकदा दोष तिथेच असतो. दिसत असेल तर स्मार्ट रीडिंगमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) 'पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढताहेत का पाहा. वाढत असतील तर पहिलं काम डेटाची कॉपी, मग नवी एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क). टकटक आवाज येत असेल तर मात्र लगेच वीज काढा. फोटो हवे असतील तर ते डेटा रिकव्हरीवाल्याचं काम.

काकूंची फक्त केबल सैल होती. तीही फ्रीजरच्या आधी.