अकरा मीटर, मूठ आणि चिंचोका

१८ डिसेंबर २०२२ची रात्र. कतारच्या लुसैल स्टेडियमवर विश्वचषकाचा अंतिम सामना ३-३ असा अडला होता आणि पेनल्टी शूटआउट, म्हणजे आळीपाळीने एकेक किक मारून निकाल लावणे, सुरू झाला होता. अर्जेंटिनाचा पाउलो डिबाला जादा वेळ संपता संपता मैदानात उतरला होता, तो जणू या एका किकसाठीच. त्याने चेंडू ठिपक्यावर ठेवला, धावत आला आणि सरळ मध्यभागी मारला. फ्रान्सचा गोलकीपर ह्यूगो लॉरिस क्षणापूर्वी जिथे उभा होता, अगदी तिथे. लॉरिस तोवर एका बाजूला झेपावला होता.

जागचा हलला नसता तर चेंडू त्याच्या अंगावर आला असता. मग तो हलला का?

उत्तर साध्या गुणाकार-भागाकारात आहे. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून १२ यार्डांवर, म्हणजे जवळपास ११ मीटरवर. ताशी ९० किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू सेकंदाला २५ मीटर जातो, म्हणजे हे अंतर तो ०.४४ सेकंदात कापतो. चेंडू कुठे निघाला हे डोळ्यांनी टिपून स्नायू हलू लागेपर्यंत माणसाचे सुमारे ०.२ सेकंद जातात. उरला पाव सेकंद. तेवढ्यात कीपरला गोलच्या मध्यापासून खांबापर्यंत ३.६६ मीटर झेप घ्यायची असते, आणि ती होत नाही. कोपऱ्यातली किक अडवायची तर चेंडूला पाय लागायच्या सुमारासच निघावे लागते. त्यात नियमाने त्या क्षणी त्याचा निदान एक पाय गोलरेषेवर हवा, त्यामुळे आधीच पुढे सरकून कोन कमी करायचीही सोय नाही.

म्हणजे चेंडू अजून जागेवर असतानाच कीपरने आपला निर्णय घेतलेला असतो. लहानपणी आपण मुठीत चिंचोका लपवून विचारायचो, ‘कुठल्या मुठीत?’ पेनल्टी हा तोच खेळ आहे, फक्त ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला. किक मारणाऱ्याचे काम एकच: मूठ उघडेपर्यंत चिंचोका दिसू द्यायचा नाही. (ही शिक्षा सुचवणारा विल्यम मॅक्रम स्वतः आयर्लंडमधल्या मिलफर्ड गावचा गोलकीपर होता, आणि १८९१ साली ती नियमात आली. आपल्याच जातभाईंवर केवढे ओझे टाकतोय, याची त्याला कल्पना असेल का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.)

पण शरीर चुगली करते. उजव्या पायाने मारणारा डावा पाय चेंडूशेजारी रोवतो, आणि त्या रोवलेल्या पायाची बोटे बहुतेकदा चेंडू जाणार त्याच दिशेला वळलेली असतात. कंबरही त्याच सुमारास उघडते किंवा मिटते. कसलेले कीपर धाव सुरू झाल्यावर चेहऱ्याकडे नाही, कमरेखाली बघतात. या खुणा अगदी शेवटच्या क्षणी उमटतात, तरी अंदाज पक्का करायला कीपरला तेवढ्या पुरतात.

दुसरी चुगली करतो तो इतिहास. उजव्या पायाच्या खेळाडूला पाय अंगावरून ओढत चेंडू स्वतःच्या डावीकडे मारणे सोपे जाते. ही त्याची ‘सोयीची’ बाजू. नेहमी तिकडेच मारले तर किक जोरदार बसते, पण कीपर आधीच तिथे पोहोचलेला असतो. नेहमी उलटीकडे मारले तर किक थोडी कच्ची राहते. मग किती वेळा इकडे आणि किती वेळा तिकडे? जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९२८ साली अशा खेळांचे प्रमेय मांडले. त्याचा अर्थ असा की दोन्ही बाजूंचे यश सारखे होईल अशा प्रमाणात मिसळ करावी, आणि क्रम कुणालाही ओळखता येऊ नये. इग्नासियो पालासिओस-हुएर्ता या अर्थशास्त्रज्ञाने युरोपातल्या १४१७ पेनल्टी तपासून २००३ साली दाखवले की व्यावसायिक खेळाडू जवळजवळ हेच करतात. एकूण यश सुमारे ८० टक्के, आणि बाजू कुठलीही असो, ते साधारण तेवढेच. मला त्याहून चकित करते ते दुसरे निरीक्षण: त्यांच्या किकांचा क्रमही खरोखर यदृच्छ निघाला. आपल्याला कुणी मनाने छापा-काटा लिहायला सांगितले, तर आपण दोन-तीन छाप्यांनंतर हमखास काटा लिहितो. ही खोड या खेळाडूंनी कुठलेही प्रमेय न शिकता मोडलेली आहे.

ज्याने ती मोडलेली नाही, त्याची नोंद कुणीतरी ठेवलेली असते. २०२४च्या युरो स्पर्धेत इंग्लंड-स्वित्झर्लंड सामन्याच्या शूटआउटमध्ये इंग्लंडचा कीपर जॉर्डन पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर स्विस खेळाडूंची यादी चिकटवलेली होती. मॅन्युएल अकांजीच्या नावापुढे डावीकडे झेप घ्यायची सूचना होती. पिकफर्ड डावीकडे झेपावला, किक अडली, आणि इंग्लंडने आपल्या पाचही मारल्या. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर अशी बाटली लागतही नसावी. तिथे पेठा-तालमींचे संघ हंगामामागून हंगाम एकमेकांशी भिडतात. टायब्रेकरला, म्हणजे शूटआउटला, पुढे आलेला खेळाडू कुठल्या बाजूचा, हे कीपरच काय, गॅलरीतल्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक असते.

आता मधल्या जागेकडे येऊ. मायकेल बार-एली या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ साली २८६ पेनल्टींचा हिशेब मांडला. त्यात २८.७ टक्के किक गोलच्या मधल्या तिसऱ्या भागात गेल्या होत्या, पण कीपर मध्ये थांबले होते फक्त ६.३ टक्के वेळा. त्यांचे म्हणणे असे की झेप घेऊन गोल झाला तर ‘प्रयत्न तरी केला’ असे वाटते, आणि उभे राहून झाला तर लाज वाटते. म्हणून कीपर उडी घेतो. मला हे पटते, पण अर्धेच. कीपर मध्ये थांबू लागले की दुसऱ्याच आठवड्यात लोक मध्ये मारणे बंद करतील. तरीही आज मधली जागा स्वस्तात मिळते, हे खरे. खेळाडू ती टाळतात, कारण तिथे अडलेली किक बघवत नाही. भीती दोन्हीकडे एकच आहे.

या भीतीचे मोजमाप झालेले आहे. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधले शूटआउट तपासले. ‘ही मारली की जिंकलो’ अशा किकांपैकी ९० टक्क्यांहून जास्त गोलमध्ये गेल्या. ‘ही चुकली की हरलो’ अशा किकांचे यश ६० टक्क्यांच्या आसपास घसरले. ठिपका तोच, चेंडू तोच. शिट्टी वाजताच घाईने धावत सुटणारे जास्त चुकतात, असेही त्यांना आढळले. घाई म्हणजे त्या जागेवरून सुटका करून घेण्याची धडपड. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठात ग्रेग वुड आणि मार्क विल्सन यांनी खेळाडूंच्या नजरेचा माग घेतला. चिंता वाढली की नजर कीपरवर लवकर जाते, जास्त वेळ खिळते, आणि चेंडूही त्याच्या आवाक्यात जातो. पाय नजरेच्या मागे जातो. कीपर गोलरेषेवर नाचतो, हात फडकवतो, लुसैलमध्ये अर्जेंटिनाचा कीपर एमिलियानो मार्टिनेझने केले तसा चेंडूच दूर फेकतो, ते नजर ओढून घेण्यासाठीच.

म्हणून सरावाच्या आकड्यावर माझा भरवसा नाही. २०२२च्या विश्वचषकाआधी स्पेनचे प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी खेळाडूंना हजार पेनल्टींचा सराव करून यायला सांगितले होते. मोरोक्कोविरुद्धच्या शूटआउटमध्ये स्पेनने तीन मारल्या आणि एकही आत गेली नाही. रिकाम्या मैदानावरच्या हजार किकांत पाय तयार होतो. मध्यवर्तुळापासून ठिपक्यापर्यंत एकट्याने चालत जाणे, चेंडू ठेवणे, कोपरा ठरवणे, शिट्टीनंतर एक श्वास घेणे आणि मग ठरवलेल्या जागेवरून नजर न हलवणे, हेही रोज करावे लागते.

चेकोस्लोव्हाकियाचा खेळाडू आंतोनिन पानेंका ते करत होता. प्रागमध्ये बोहेमियन्स क्लबचा सराव संपला की तो आपला कीपर झ्देनेक ह्रुश्का याच्याशी पैज लावून पेनल्टी मारायचा. हरला की चॉकलेट किंवा बिअर द्यायची. सतत हरत असल्यामुळे त्याला एक युक्ती सुचली. कीपर आधीच निघतो हे माहीत आहे, तर चेंडू जोरात मारायचाच कशाला? हळू उचललेला चेंडू पोहोचेपर्यंत झेपावलेला कीपर जमिनीवर पडलेला असतो आणि परतू शकत नाही. पण धाव पूर्ण वेगाची हवी, पाय जोरात बसणार असे शेवटपर्यंत वाटायला हवे. दोन वर्षे त्याने हे घोटले. २० जून १९७६ रोजी बेलग्रेडमध्ये युरोच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीचा उली होनेस बारवरून मारून बसला होता आणि पानेंकाने मारली तर चेकोस्लोव्हाकिया विजेता ठरणार होता. तो पूर्ण वेगाने धावत आला. जर्मन कीपर सेप मायर डावीकडे झेपावला. चेंडू मधून, अलगद, जाळ्यात उतरला.