संगणकावर लॉसलेस सराउंड ध्वनी

चित्रपटाच्या फाइलमधला अनेक चॅनलांचा ध्वनी एकही बिट न बदलता घरच्या संगणकातून रिसीव्हरपर्यंत (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या पेटीपर्यंत) किंवा स्पीकरपर्यंत पोचवणे, याला संगणकावरचा लॉसलेस सराउंड ध्वनी म्हणतात. चॅनल बहुधा ५.१ किंवा ७.१ असतात : समोर डावा, मधला आणि उजवा, शिवाय बाजूची जोडी, ७.१ असल्यास मागची जोडी, आणि ‘.१’ हा फक्त खर्जाचा. फाइल लॉसलेस असणे हा यातला सोपा भाग. फाइल आणि कान यांच्यामध्ये प्लेअर, ऑपरेटिंग सिस्टिम, ग्राफिक्स कार्ड, केबल आणि रिसीव्हर असे टप्पे आहेत. त्यांतला एक जरी चुकला तरी ध्वनी उतरतो आणि पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. चित्र अडखळले की लगेच दिसते. ध्वनी मात्र निकृष्ट होऊनही वाजत राहतो. त्यामुळे महागडा रिसीव्हर घेऊनही माणूस महिनोन्‌महिने डीव्हीडीच्याच दर्जाचा आवाज ऐकत बसू शकतो.

घडी आणि कात्री

ध्वनीची जागा वाचवण्याच्या दोन रीती आहेत. लॉसलेस रीतीत लुगड्याची घडी घालतात. उलगडले की पुन्हा नऊ वार भरते. लॉसी रीतीत, नेसल्यावर दिसणार नाही असा भाग आधीच कात्रीने कापलेला असतो. डीव्हीडीवरचा डॉल्बी डिजिटल दुसऱ्या रीतीचा आहे. त्यात सहाही चॅनल मिळून सेकंदाला बहुधा ४४८ किलोबिट असतात. तेच सहा चॅनल २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ या मापाने (सेकंदाला ध्वनीची ४८,००० मोजमापे म्हणजे नमुने, प्रत्येक २४ बिटांचा) न दाबता ठेवले तर ६,९१२ किलोबिट लागतात, म्हणजे पंधरा पटींहून जास्त. दोन तासांच्या चित्रपटाचा ७.१ ध्वनी असा कच्चा ठेवला, तर तो एकटाच सुमारे ८.३ गिगाबाइट जागा घेतो.

२००६ साली ब्लू-रे बाजारात आली आणि घरच्या चित्रपटाला लॉसलेस ध्वनी मिळाला. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. डॉल्बी ट्रूएचडीचे मूळ मेरिडियन या ब्रिटिश कंपनीच्या ‘मेरिडियन लॉसलेस पॅकिंग’मध्ये आहे. मायकेल गर्झन, पीटर क्रेव्हन आणि रॉबर्ट स्टुअर्ट यांच्या कामातून ते उभे राहिले आणि २००० साली डीव्हीडी-ऑडिओवर आले. आधीच्या नमुन्यांवरून पुढचा नमुना भाकीत करायचा आणि भाकितात जेवढी चूक निघेल तेवढीच साठवायची, हे त्याचे सूत्र. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओची रचना वेगळी आहे. त्याच्या पोटात जुना, लॉसी डीटीएस गाभा तसाच असतो, आणि गाभ्यात जे सुटले ते भरून काढणारा दुसरा थर त्यावर असतो. जुन्या उपकरणाला वरचा थर समजला नाही तरी गाभा वाजतो. ट्रूएचडीत असा गाभा नसतो, म्हणून ब्लू-रेवर त्याच्याबरोबर स्वतंत्र डॉल्बी डिजिटल ठेवावा लागतो. फाइल बनवताना पुष्कळजण तो ‘जादा’ म्हणून काढून टाकतात. मग ट्रूएचडी न समजणाऱ्या उपकरणावर ती फाइल मुकी राहते. याखेरीज पीसीएम, म्हणजे न दाबलेले कच्चे नमुने, आणि २००१ साली आलेला मुक्त फ्लॅक हेही लॉसलेसच. हे सगळे प्रकार बहुधा एमकेव्ही, म्हणजे माट्रोस्का, या पेटीत भरलेले असतात. ब्लू-रे डिस्कवर कुलूप असते. हक्कभंगाच्या हेतूने ते भेदणे हा भारतात गुन्हा आहे. प्रताधिकार कायद्यातले कलम ६५-ए हे २०१२च्या दुरुस्तीने आले.

प्रकाशाची तार का पुरत नाही

ऑप्टिकल केबलमधून लाल प्रकाश येतो, त्यामुळे ती सर्वांत शुद्ध असणार असा समज पक्का रुजलेला आहे. हिशेब वेगळे सांगतो. ही जोडणी मुळात दोन चॅनलांसाठी आखलेली : ४८,००० नमुने, १६ बिट, २ चॅनल, म्हणजे सेकंदाला १,५३६ किलोबिट. ब्लू-रेवरच्या डीटीएस गाभ्याचा दर १,५०९ किलोबिट आहे, म्हणजे जेमतेम मावतो. ट्रूएचडी १८,००० किलोबिटपर्यंत जातो आणि डीटीएस-एचडी २४,५०० पर्यंत. ते यातून जाणे शक्य नाही. फाइल डीटीएस-एचडीची असेल तर प्लेअर गुपचूप गाभा तेवढा पाठवतो, रिसीव्हरवर ‘डीटीएस’ दिवा लागतो आणि मालकाला सगळे ठीक वाटते.

एचडीएमआय या चित्र आणि ध्वनी एकत्र वाहणाऱ्या जोडणीने वाट मोकळी केली. डिसेंबर २००२च्या पहिल्या आवृत्तीपासूनच आठ चॅनलांचा पीसीएम त्यातून जाऊ शकत होता. जून २००६च्या १.३ आवृत्तीत ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी न उलगडता, घडी तशीच ठेवून पाठवण्याची सोय झाली. ही सोय कशी साधली तेही पाहण्यासारखे आहे. केबलला वाटते की आपण १९२ किलोहर्ट्‌झ, १६ बिट, आठ चॅनलांचा पीसीएम वाहतो आहोत. त्याचा दर होतो २४,५७६ किलोबिट, आणि त्याच डब्यात दाबलेला ध्वनी भरलेला असतो. डीटीएस-एचडीची कमाल मर्यादा या डब्यात नेमकी बसते.

संगणकाला ही सोय मिळायला आणखी काही वर्षे लागली. २००८च्या रेडिऑन एचडी ४००० मालिकेतून आठ चॅनलांचा पीसीएम बाहेर पडत होता, पण घडी तशीच पाठवता येत नव्हती. त्यासाठी असूसच्या झोनार एचडीएव्ही १.३ सारखे खास साउंड कार्ड लागे. सप्टेंबर २००९मध्ये रेडिऑन एचडी ५८७० आले आणि पासथ्रू, म्हणजे घडी न उलगडता पाठवणे, साध्या ग्राफिक्स कार्डावर आला. पुढच्याच वर्षी इंटेल आणि एनव्हिडियाकडेही ही सोय झाली.

घडी कुणी उलगडायची

इथून दोन रस्ते फुटतात. पहिल्यात संगणकावरचा प्लेअर (कोडी, एमपीव्ही, व्हीएलसी किंवा विंडोजवर एलएव्ही फिल्टर्स वापरणारा कोणताही) ध्वनी उलगडतो आणि पीसीएम करून पाठवतो. दुसऱ्यात प्लेअर फाइलमधली गाठोडी जशीच्या तशी पुढे सरकवतो आणि उलगडण्याचे काम रिसीव्हर करतो, हा पासथ्रू. पासथ्रूचा दर्जा वरचा, असे फार लोक मानतात. रिसीव्हरच्या पट्टीवर ‘ट्रूएचडी’ अशी अक्षरे उमटली की समाधान वाटते हे खरेच. पण लॉसलेसची व्याख्याच अशी की कुणीही बरोबर उलगडले तरी आकडे तेच निघतात. साध्या ५.१ किंवा ७.१ ध्वनीसाठी दोन्ही रस्ते समान आहेत.

तरीही ‘मला फरक ऐकू येतो’ असे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. डॉल्बीच्या ध्वनीत संवादाची पातळी नोंदवणारा एक आकडा असतो. तो उणे २७ असेल तर रिसीव्हरमधला डॉल्बी डिकोडर सगळा ध्वनी ४ डेसिबलने खाली आणतो. संगणकावरचे मुक्त डिकोडर बहुधा हा आकडा पाळत नाहीत. म्हणजे एकाच फाइलच्या दोन वाजवण्यांत ४ डेसिबलचा फरक पडतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक स्पष्ट आणि भरदार वाटतो. व्हॉल्यूम मोजून सारखा केल्याशिवाय या तुलनेला अर्थ नाही.

पासथ्रू खरोखर लागतो तो डॉल्बी ॲटमॉस आणि डीटीएस:एक्स या, आवाजाच्या उंचीचीही माहिती देणाऱ्या प्रकारांसाठी. ॲटमॉस २०१२ साली चित्रपटगृहांत आणि २०१४ साली घरी आला. त्यात हेलिकॉप्टर कुठल्या उंचीवरून जाते ही माहिती ट्रूएचडीच्या आत जोडथराने येते. मुक्त डिकोडर हा थर सोडून देतात. ध्वनी काहीच हरवत नाही, कारण हेलिकॉप्टर ७.१मध्ये आधीच मिसळलेले असते. हरवते ती उंची. छतावर स्पीकर नसतील तर याची खंत करायचे कारण नाही. आणि स्ट्रीमिंगवरचा ॲटमॉस हा बहुतांशी लॉसी डॉल्बी डिजिटल प्लसवर बसवलेला असतो; नाव एक असले तरी वस्तू वेगळी आहे.

साखळी कुठे तुटते

विंडोजमध्ये सगळ्या प्रोग्रॅमांचे आवाज एका मिक्सरमधून जातात आणि साउंड सेटिंगमध्ये ठरवलेल्या एकाच मापात बसवले जातात. तिथे ‘स्टिरिओ’ निवडलेले असेल तर ७.१ चुपचाप दोन चॅनलांत दुमडला जातो. विंडोज व्हिस्टापासून आलेल्या वासापी या ध्वनि-यंत्रणेचा एक्स्क्लुझिव्ह मोड हा मिक्सर बाजूला सारतो. लिनक्सवर तेच काम अल्सा या तिथल्या ध्वनि-यंत्रणेला थेट ध्वनी देऊन साधते. मॅकवर ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडीचा पासथ्रू होत नाही, तिथे पीसीएमचा रस्ता धरावा. आणि पीसीएम असेल तर संगणकाचा व्हॉल्यूम १०० वर ठेवून रिसीव्हरचाच फिरवावा, कारण संगणकाचा व्हॉल्यूम प्रत्येक आकड्याला गुणतो.

सर्वांत जास्त डोकेदुखी ईडीआयडीची. एचडीएमआयच्या दुसऱ्या टोकाचे उपकरण आपल्याला कोणकोणते ध्वनिप्रकार समजतात याची यादी संगणकाला देते. संगणक टीव्हीला आणि टीव्ही रिसीव्हरला जोडला असेल तर यादी टीव्ही देतो, आणि ती बरेचदा स्टिरिओवर संपते. २००९चे एआरसी, म्हणजे टीव्हीकडून ध्वनी त्याच एचडीएमआय केबलने रिसीव्हरकडे परत नेण्याची सोय, लॉसलेस सराउंड वाहू शकत नाही. लॉसलेस परत यायला २०१७च्या एचडीएमआय २.१बरोबर आलेले ई-एआरसी लागते. म्हणून रिसीव्हर मध्ये ठेवणेच बरे. संगणक आधी चालू करून रिसीव्हर मागाहून लावला, तरी यादी हुकू शकते. एचडीएमआयचा ध्वनी चित्राच्या दोन ओळींमधल्या रिकाम्या जागेतून जातो, त्यामुळे चित्र न पाठवता नुसता ध्वनी पाठवता येत नाही. रिसीव्हरला वेगळी केबल दिली की विंडोजला एक भुताटकीचा दुसरा मॉनिटर दिसू लागतो तो यामुळेच.

घड्याळाचाही प्रश्न आहे. चित्रपट सेकंदाला नेमक्या २४ नव्हे, बहुधा २३.९७६ चौकटींनी साठवलेला असतो. पडदा नेमक्या २४ हर्ट्‌झवर असेल तर सुमारे ४२ सेकंदांनी एका चौकटीचा फरक पडतो. काही प्लेअर तो भरून काढायला ध्वनी किंचित ताणतात, आणि ताणलेला ध्वनी लॉसलेस राहत नाही. पासथ्रूमध्ये ताणता येत नाही, मग गाठोडेच गाळले जाते आणि ‘टक्’ असा आवाज येतो. पडदा २३.९७६ वर ठेवावा आणि ध्वनीला हात लावू देऊ नये, हे उत्तम.

रिसीव्हर नसेल तर मदरबोर्डच्या मागच्या रंगीत भोकांतूनही काम होते : हिरवे समोरच्या जोडीचे, काळे मागच्या, केशरी मधल्या आणि खर्जाचे, राखाडी बाजूचे. स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेले स्पीकर त्यांना थेट लावता येतात. शेजाऱ्याची भिंत सामाईक असलेल्या फ्लॅटमध्ये रात्री डायनॅमिक रेंज (सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर) आवळणारी सोय लावली तर तो ध्वनी बिटशः मूळ राहत नाही, पण संवाद ऐकू येतात. ती खुशाल लावावी.

पारख

दिव्यावर विसंबू नये. विंडोज १०पासून ‘होम थिएटरसाठी डॉल्बी ॲटमॉस’ हा पर्याय आहे. तो लावला की साध्या स्टिरिओ गाण्यालाही रिसीव्हर ‘ॲटमॉस’ म्हणतो. दोन चॅनलांचा रस्ता तपासायची एक जुनी आणि नामी युक्ती आहे. डीटीएसचे बिट साध्या वेव्ह फाइलमध्ये भरून ती गाण्यासारखी वाजवायची. वाटेत एकाही आकड्याला धक्का लागला नाही तर रिसीव्हर डीटीएस ओळखतो. मिक्सरने किंवा व्हॉल्यूमने हात लावला असेल तर नुसता खरखराट येतो. पहिल्या वेळी आवाज कमी ठेवूनच करावे.

उलगडणे बरोबर झाले का ते एमडी५ बेरजेवरून, म्हणजे ध्वनीच्या आकड्यांवरून काढलेल्या ओळखखुणेवरून, कळते. फ्लॅक फाइल मूळ ध्वनीची बेरीज आपल्या शीर्षकातच बाळगते. जुन्या संग्रहात मात्र एक सापळा असू शकतो. एफएफएमपेग या मुक्त संचाला २०१५पूर्वी डीटीएस-एचडीचा वरचा थर उलगडता येत नसे, तो गाभाच तेवढा देई. त्या काळात त्याच्या मदतीने डीटीएस-एचडीवरून बनवलेल्या फ्लॅक फाइलींची बेरीज बिनचूक जुळते, कारण ती कापलेल्या ध्वनीचीच बेरीज असते. अशी फाइल दुरुस्त होत नाही; मूळ डिस्कवरून पुन्हा काढावी लागते.