टायफॉईडचा साल्मोनेला आणि कोंबडीचा साल्मोनेला

परवा नेरूळला आमच्या शेजारणीनं मुलाचा रिपोर्ट आणून दाखवला. शौचाच्या तपासणीत 'साल्मोनेला टायफिम्युरियम' निघाला होता. "ताई, २०१८ ला पालिकेनं टायफॉईडची लस दिली होती ना याला? मग हे कसं?"

नावं इतकी सारखी, गोंधळ होणारच. टायफॉईड होतो तो साल्मोनेला टायफीमुळे. दोन्ही जिवाणू एकाच प्रजातीचे, दोघांचाही जनुकसंच, म्हणजे सगळा डीएनए मिळून, साधारण ४८ लाख अक्षरांचा. पण टायफिम्युरियमचं कोंबडी, गाय, डुक्कर, उंदीर, माणूस, सगळीकडे भागतं. टायफी राहतो फक्त माणसात.

२००१ मध्ये दोघांचे जनुकसंच वाचून झाले, तेव्हा टायफीच्या एका वाणात २०४ मोडकी, म्हणजे निकामी झालेली, जनुकं सापडली. टायफिम्युरियममध्ये ३९. जुळवून घेणं म्हणजे काहीतरी नवं कमावणं, असं आपण धरून चालतो. टायफीनं बरंचसं गमावलं, हे मला फार विलक्षण वाटतं.

त्यातलं एकच उदाहरण घ्या. टायफिम्युरियम आतड्याला सूज आणतो. सुजलेल्या आतड्यात टेट्राथायोनेट नावाचं रसायन तयार होतं आणि ऑक्सिजनऐवजी ते वापरून हा श्वसन करतो. शेजारच्या बहुतेक जिवाणूंना ते जमत नाही, म्हणून हाच फोफावतो, आणि दिवस-दोन दिवसांत जुलाब सुरू होतात. टायफीची तऱ्हा वेगळी. तो आतड्यातून गुपचूप निसटून यकृत, प्लीहा, पित्ताशय गाठतो. ताप यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. सुजेचा त्याला उपयोगच नाही. त्यामुळे टेट्राथायोनेटच्या यंत्रणेतलं एक जनुक मोडलं, तरी त्याचं काही अडलं नाही.

टायफीनं कमावलंही आहे. बाहेरून आलेल्या डीएनएच्या एका मोठ्या तुकड्यात 'व्हीआय' या शर्करेच्या आवरणाची जनुकं आहेत. ते पांघरून तो प्रतिकारशक्तीची नजर चुकवतो. नवी मुंबई महापालिकेनं ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना दिलेली लस नेमकी या आवरणाविरुद्ध होती. सरकारी कार्यक्रमात ही संयुग्म लस (शर्करेला प्रथिन जोडून बनवलेली) जगात सर्वांत आधी इथे वापरली गेली. टायफिम्युरियमला हे आवरणच नाही, मग लस त्याला अडवणार कशी?

लस वाया गेली नाही, हे ऐकून शेजारीण जरा सैलावली. मुलाला डॉक्टरांनी ओआरएस सांगितलं होतं, अँटिबायोटिक नाही, याचीही तिला काळजी होती. एरवी धडधाकट असलेल्या मुलाचा असा जुलाब बहुतेक वेळा आपोआप थांबतो. टायफॉईड असता, तर अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स घ्यावाच लागला असता.