सोनेरी फेझंटचे रंगप्रकार

सोनेरी फेझंट हा मध्य चीनमधल्या डोंगराळ जंगलांतला पक्षी. नराचा तुरा सोनेरी, पोट लालभडक आणि मानेवर नारिंगी-काळ्या पट्ट्यांची झालर; मादी तपकिरी, अंगभर आडवे काळपट पट्टे. पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या वाढल्यामुळे या पक्ष्यात मूळ रंगापासून फुटलेले आणि पुढच्या पिढीत उतरणारे काही प्रकार स्थिरावले आहेत. पाळणारे त्यांना ‘म्युटेशन’ म्हणतात. असा पक्षी मिळवण्यापेक्षा तो खरोखर म्युटेशनच आहे हे ठरवणे अवघड असते, आणि त्यासाठी जोड्यांची नोंद लागते.

पिवळा प्रकार. बोलोन्याचे इटालियन प्राणिशास्त्रज्ञ अलेस्सांद्रो गिगी (१८७५–१९७०) यांनी १९५० च्या दशकात हा प्रकार निवडीने पक्का केला, म्हणून त्याला ‘गिगी गोल्डन’ असेही नाव आहे. नराच्या अंगावरचा सगळा लाल रंग जाऊन तिथे लिंबासारखा पिवळा येतो. मादी फिकट बदामी असते आणि तिच्यावरचे पट्टे जेमतेम दिसतात. पिल्लू अंड्यातून निघते तेच पिवळसर लवीचे, त्यामुळे निवड पहिल्याच दिवशी होते.

काळ्या गळ्याचा प्रकार. सर्वसाधारण नराचे गाल आणि गळा फिकट बदामी असतात. या प्रकारात ते काळपट तपकिरी होतात. शेपटीची मधली पिसे पाहावीत: नेहमीच्या नरात त्यांवर ठिपके असतात, इथे आडवेतिडवे पट्टे. मादी गडद तपकिरी. पिल्लू चॉकलेटी आणि गळ्याखाली पांढरे असते. नेहमीचे पट्टेरी पिल्लू शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो.

आनुवंशिकता. दोन्ही प्रकार अप्रभावी जनुकाचे आहेत. पिवळा आणि नेहमीचा यांची जोडी लावली तर सगळी पिल्ले दिसायला नेहमीचीच, पण पिवळ्याचे जनुक बाळगणारी, म्हणजे ‘स्प्लिट’ निघतात. दोन स्प्लिटच्या जोडीत सरासरी चारातले एक पिल्लू पिवळे. पिवळा आणि स्प्लिट लावले तर निम्मी पिवळी. घोळ होतो तो दोन स्प्लिटच्या उरलेल्या पिल्लांत. सरासरी तिनातली दोन स्प्लिट असतात, तिसरे नसते, आणि डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. ‘स्प्लिट’ म्हणून विकला जाणारा पक्षी त्यामुळे नोंदवहीशिवाय घेऊ नये. खात्री करायची तर त्याला पिवळ्या जोडीदाराबरोबर लावावे. एकही पिवळे पिल्लू निघाले तर तो स्प्लिट ठरला. पाचही नेहमीची निघाली तरी संशय उरतो, कारण खऱ्या स्प्लिटकडूनही बत्तिसात एकदा तसे घडते. दहा नेहमीची निघाली तर तीच शक्यता १०२४ मध्ये एकदा, म्हणजे सोडून देण्याइतकी.

एका नराला दोन-तीन माद्या चालतात, पण मग अंडे कोणत्या मादीचे हे कळत नाही. रंगाचे काम करणाऱ्याने विणीच्या हंगामात एक नर, एक मादी एवढेच ठेवावे.

उबवण आणि संगोपन. अंड्यावर पेन्सिलीने जोडीचा क्रमांक आणि तारीख घालावी. अंडी १३ ते १६ अंश सेल्सियसला, सात दिवसांच्या आत वापरावीत. आपल्याकडच्या मे महिन्यात खोलीतच ठेवलेल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. पंख्याच्या इन्क्युबेटरमध्ये ३७.५ अंश तापमान आणि ५० ते ५५ टक्के आर्द्रता लागते. विसाव्या दिवशी अंडी हॅचरच्या, म्हणजे पिल्ले फुटण्याच्या पेटीच्या, ट्रेमध्ये हलवून फिरवणे बंद करावे आणि आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी. पिल्ले २२–२३ व्या दिवशी निघतात. या ट्रेमध्ये जोडीगणिक जाळीचे कप्पे हवेतच. मोकळ्या ट्रेमध्ये पिल्ले एकमेकांत मिसळली की वंशाची नोंद तिथेच संपते. पिल्लू ट्रेबाहेर काढण्याआधी पायात रंगीत रिंग घालावी आणि दर आठवड्याला ती सैल आहे ना ते पाहावे. वाढत्या पायात ती रुतते.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी पेटी, पहिल्या आठवड्यात ३५ अंशांवर, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र घातले की पाय फाकतात, म्हणून सुरुवातीला खरबरीत कापड घालावे. पाण्याच्या भांड्यात खडे टाकावेत, नाहीतर पिल्ले बुडतात. खाद्यात २६ ते २८ टक्के प्रथिने हवीत. टर्की स्टार्टर, म्हणजे टर्कीच्या लहान पिल्लांचे खाद्य, चालते. दाटी झाली की पिल्ले एकमेकांची बोटे आणि पिसे टोचतात. कोंबड्यांच्या जुन्या वाड्यात फेझंट सोडू नयेत. तिथल्या जंतांच्या अंड्यांबरोबर ब्लॅकहेड रोग येतो.

फसवे रंग. हा पक्षी दाट सावलीतला. उघड्या उन्हात नराचा लाल रंग विटतो आणि अनोळखी माणसाला तो नवाच प्रकार वाटतो. निम्म्या पिंजऱ्यावर शेडनेट टाकावी आणि पुढची पिसगळ होईपर्यंत निर्णय करू नये. जखमेनंतर उगवलेले पांढरे पीसही म्युटेशन नव्हे. खाद्यात लायसिन (प्रथिनांतला एक घटक) कमी पडल्याने टर्कीच्या पंखात पांढरे पट्टे येतात हे प्रयोगांत दिसले आहे, म्हणून पांढरी पिसे दिसली की आधी खाद्य तपासावे. म्हाताऱ्या मादीचा अंडाशय थकला की तिला नराची पिसे येतात. लंडनचे शल्यविशारद जॉन हंटर यांनी अशा फेझंट माद्यांचे वर्णन १७८० मध्येच केले होते. पहिल्या वर्षाचा नरही ठिगळाठिगळांनी लाल होतो, पूर्ण रंग दुसऱ्या वर्षी येतो.

सर्वांत मोठी फसगत संकराची. लेडी ॲम्हर्स्ट फेझंटशी सोनेरीचा संकर सहज होतो आणि संकरित पिल्ले प्रजननक्षम असतात, त्यामुळे बाजारात मिश्र रक्ताचे पक्षी पुष्कळ फिरतात. आधी पाय पाहावेत: सोनेरीचे पिवळे, ॲम्हर्स्टचे निळसर राखाडी. हिरवट-करडे पाय, डोळ्याभोवती निळसर उघडी कातडी, लालसर-नारिंगी तुरा किंवा पोटावर पांढरे दिसले तर तो संकरच. मादीत रंगाचा आधार कमी, म्हणून पाय आणि डोळ्याभोवतीची कातडी हीच खूण धरावी. असा पक्षी कितीही देखणा असला तरी म्युटेशनच्या जोडीत घेऊ नये, कारण दोन-तीन पिढ्यांनी संकराच्या खुणा पुसट होतात आणि मग तो दोष निवडून काढता येत नाही.

मोनाल, कालिज, ट्रॅगोपॅन हे भारतातले जंगली फेझंट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. वरची माहिती त्यांच्यासाठी नाही, ते पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे.